कड

पत्रकात आम्ही छापतो: सात बेटं, दोन दिवस,
पोहे आणि पाण्याच्या बाटलीसकट.
बहुतेकांच्या लक्षात बाटली राहते.

सरस्वती साकाराम मॉरिशसहून आल्या,
निळी छत्री, पांढरे कापडी बूट,
आणि माझगावच्या नाक्यावर पहिलं वाक्य,
"बेट कुठं हाय?"

त्यांची मराठी पणजीच्या ट्रंकेतली,
डांबरगोळीचा वास असलेली,
घडीवर विरलेली, पण फाटलेली नाही.
म्हटलं, बाई, आपण उभे आहोत तेच.
त्यांनी खाली पाहिलं.
पेव्हर ब्लॉक. विझलेली बिडी. मांजर.
"मग कड दाखव."

बेटावर जन्मलेल्या माणसाला फसवता येत नाही.
त्यांच्याकडे म्हणे नाकासमोर चालत सुटलं
तर आज ना उद्या पाय भिजतात.
मी त्यांना टेकडीवरच्या बागेत नेलं,
बोट लांब करून सांगितलं:
ती भिंत, भिंतीमागे कंटेनर,
कंटेनरमागे क्रेन, क्रेनमागे समुद्र असावा.
"असावा?" त्या म्हणाल्या.

शिवडीला ओहोटी मात्र वेळेवर सापडली.
रिफायनरीच्या धुराड्यांसमोर हजारभर रोहित,
माना उलट्या करून चिखल गाळत होते,
कुणाकडे न बघता, पगारी कामावर असल्यासारखे.
बाईंनी दुर्बीण घेतली नाही.
त्या पायाशी बघत होत्या.
एक निवटी चिखलातून वर आली,
मासा राहावं की आणखी काही व्हावं
याचा बटबटीत डोळ्यांनी विचार केला
आणि उडी मारून परत गेली.
"आमचा पक्षी आता शिक्क्यावरच," बाई म्हणाल्या.
"उडता येत नव्हतं बिचाऱ्याला. खलाशी आले."
पुढचं त्यांनी छत्री मिटता मिटता गिळलं.

दुसऱ्या दिवशी घारापुरी.
लाँचमागे कुरकुऱ्यांच्या आशेनं कुरव,
पायऱ्यांवर काकडी, ताक, शंखांच्या माळा,
एका माकडानं कुणाचं तरी थंड पेय हिसकावून
झाकण सराईतपणे फिरवलं.
लेण्यातल्या अंधारात त्या बराच वेळ होत्या.
बाहेर येऊन विचारलं, "अन् हत्ती?
नाव हत्तीचं ना, साहेबाच्या भाषेत?"

सांगावं लागलं.
दगडी होता. साहेबाला न्यायचा होता.
उचलताना फुटला. तुकडे इकडे आणले, सांधले.
आता भायखळ्याला, बागेत असतो.
"म्हणजे तोही बोटीनंच गेला,"
बाई हसल्या, आणि हसता हसता पायरीवर बसल्या.

भायखळा आमच्या पत्रकात नव्हतं. तरी गेलो.
शाळेची सहल आली होती, पोरं हत्तीपुढे डबे खात होती.
बाईंनी सांध्यांवरून बोट फिरवलं नुसतं, नजरेनं,
कारण हात लावू नये अशी पाटी होती.
मग पर्समधून एक कागद काढला:
पणजोबांचा नंबर, उंची, डाव्या भुवईवर वण.
सखारामचा साकाराम तिथेच कारकुनानं केला.
"कुठल्या धक्क्यावरून सुटली असंल बोट?"

मला माहीत नव्हतं. कोणाला असणार?
समुद्र तेव्हा इतका आत होता, मी म्हटलं,
तो धक्का एखाद्या गोदामाच्या पोटात गेला असेल,
किंवा हळदीच्या पोत्यांखाली, किंवा रस्त्यात.
परतताना मशीद बंदरला टॅक्सी अडकली तशा त्या उतरल्या,
भर दुपारी दुभाजकावर छत्री उघडून उभ्या राहिल्या.
हातगाडीवाला ओरडला, "ओ मावशी, साइड!"
त्यांनी जागा दिली, गाडी गेली,
त्या परत तिथेच.

जाताना अभिप्रायाचा कागद भरून दिला, सुवाच्य.
काय आवडलं: निवटी.
काय आवडलं नाही: हे रिकामं.
सूचना:
भरती आली की कळवा.